उजवीकडे, वर

अलकापुरीतल्या हॉटेलात दोन दिवस
आम्हा विमा सर्वेअरांना डोळे शिकवले.
पडद्यावर एक चेहरा, केस नसलेला,
त्याच्या बुबुळांतून सहा बाण निघालेले.
माणूस डावीकडे वर बघतो तेव्हा आठवतो,
उजवीकडे वर बघतो तेव्हा रचतो,
खाली बघतो तेव्हा स्वतःशीच बोलतो.
डावखुरा असला तर सगळं उलट,
असं सर म्हणाले, आणि त्यांचे डोळे
भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले.
जेवणात उंधियू होतं. जुलै महिन्यात.

घरी मुलीवर करून पाहिलं.
"डबा संपवलास?"
ती डावीकडे वर बघून खोटं बोलली,
अगदी आठवून आठवून.
तरी तक्ता मी घडी घालून
फॉर्मांच्या फाइलीत ठेवला.

विश्वामित्री उतरल्याच्या नवव्या दिवशी
मुजमहुड्यात गेले. दावा क्रमांक एकोणचाळीस.
चंद्रसेन महाडिक, शिलाई मशीन दुरुस्ती.
दुकानात अजून वास होता,
नदीचा नव्हे, नदीनं वाटेत जे जे उचललं त्याचा.
बाहेर फळीवर मशिनींची मुंडकी
उन्हात मांडलेली,
सुईच्या दांडीवर गाळ वाळून पांढरा पडलेला.

"पाणी आत कधी शिरलं?"
उजवीकडे, वर.
"किती मशिनी खाली होत्या?"
उजवीकडे, वर.
"मोटारी तरी माळ्यावर का नाही चढवल्या?"
जरा थांबले. पुन्हा तिकडेच.
मी समासात पेन्सिलीनं बारीक टिंबं दिली,
जी दावेदाराला दिसत नाहीत
आणि ऑफिसात न बोलता कळतात.

मग त्यांनी सही केली, डाव्या हातानं.
एका क्षणात सगळे बाण फिरले.
इतक्या स्वस्तात माणूस खरा होतो
हे मला आवडलं नाही.
मी पहिल्यापासून विचारायला घेतलं,
तर म्हणाले,
"बेन, तुम्ही जरा सरकता का?
तुमच्यामागं रेघा आहेत."

वळून पाहिलं.
माझ्या डाव्या खांद्यामागं, कॅलेंडरच्या वर,
तपकिरी रेघा, चार की पाच,
फूटपट्टीनं ओढाव्यात तशा सरळ,
आणि एकीवरून पाल निवांत चाललेली.
"ही सगळ्यात वरची, पहाटेची.
ही होडी आली तेव्हाची, पाणी एक वीत उतरलं होतं.
ही दुसऱ्या दिवशीची, लाईट नव्हती ना,
म्हणून वेळ नाही सांगत."
एकेक रेघ बोटानं दाखवून ते वाचत गेले,
उधारीची वही वाचावी तसे.
"आणि माळ्यावर शेजारच्या सुतारणीची पोरं होती.
तिघं. आणि त्यांची शेळी.
मोटारी कुठं ठेवू?"

फॉर्मवर नाही असं एक मी विचारलं,
वडोदऱ्यात तेव्हा जो तो ज्याला त्याला विचारत होता.
"मगर आली होती का हो?"
त्यांनी डोळे मिटले.
बराच वेळ मिटलेले ठेवले.
बाहेर कुणीतरी बादलीनं गाळ उपसत होतं.
"दिसली नाही," म्हणाले.
"शेळी एकदम गप्प झाली,
तेवढं ऐकलं."

तक्त्यावरच्या चेहऱ्याला पापण्याच नव्हत्या,
हे मला तेव्हा कळलं.

मी स्टुलावर चढले.
सगळ्यात वरची रेघ स्टुलावरूनच हाताला आली,
सहा फूट सात इंच.
तेवढं लिहिलं. टिंबं खोडायला लागले तर
ओलसर कागद खरवडला, तिथं आता
टिंबांपेक्षा मोठा डाग आहे.
खाली महाडिकांनी टेपचं टोक फरशीशी धरलं होतं,
माझ्याकडे न बघता, डाव्या अंगठ्यानं,
सुईखाली कापड धरतात
तितकंच घट्ट.